रोह्यांसाठी एक गाणं

आमच्या अख्ख्या वाशीम जिल्ह्यात निसर्गावर माझ्या नणंदेइतकं मोठ्याने प्रेम करणारं दुसरं माणूस नाही. मोठ्याने हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. बाकीचे लोक निसर्गावर प्रेम करतात तेव्हा एखादं झाड लावतात, फार तर उन्हाळ्यात पाखरांसाठी मातीच्या भांड्यात पाणी ठेवतात आणि गप्प बसतात. माझी नणंद कडुनिंबासमोर उभी राहते, डोळे मिटते, दोन्ही हात आभाळाकडे करते आणि असा काही सूर लावते की कडुनिंबावरची सगळी पाखरं उठून शेजाऱ्याच्या वावरात जाऊन बसतात. ती डोळे उघडते, रिकाम्या फांद्यांकडे बघते आणि म्हणते, "पाह्य वहिनी, कशी भरारी घेतली त्यायनं." मी म्हणते, "भरारी नाई घेतली बाप्पा, जीव घेऊन पळाले." पण हे ऐकायला ती तिथे नसते. ती पुढच्या झाडाकडे गेलेली असते.

मी मूळची धनजची. आईवडील रोजमजुरीला जायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. बी.एस्सी., केमिस्ट्री. हे मी कोणी न विचारताच सांगते, कारण विचारण्याची वाट पाहिली तर कोणी विचारत नाही. लग्न होऊन मी अनसिंगच्या अलीकडे या भाजीपाला पिकवणाऱ्या घरात आले. घर वावरातच आहे. पुढे वांगी, मेथी, कोथिंबीर, मागे हरभऱ्याचा मोठा तुकडा, आणि मधल्या ओसरीवर माझी दहावीची शिकवणी. आता कल्पना करा. मी फळ्यावर आम्ल अधिक आम्लारी लिहिलं आहे, बरोबरचं चिन्ह काढलं आहे, पोरं पुढे काय येतं म्हणून बघताहेत, आणि डोक्यावरच्या पाण्याच्या टाकीजवळून असा आवाज येतो की खडू माझ्या हातून मोडतो. पोरं पुढचं समीकरण विसरतात. बोर्डाच्या परीक्षेत एका पोराने उदासिनीकरणाची व्याख्या लिहिता लिहिता त्या गाण्याची चाल गुणगुणली आणि पर्यवेक्षकांनी त्याला जागा बदलून बसवलं, ही हकिकत त्याच्या आईने मला येऊन सांगितली, आणि ती सांगताना तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी अजून विसरले नाही.

ती जे गाते त्याला सिम्फॉनिक मेटल म्हणतात. हे काय प्रकरण आहे, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती मांडी घालून बसली आणि तिने समजावलं. मला समजलं ते असं: आधी पंचवीस-तीस व्हायोलिनं वाजतात, म्हणजे कॉम्प्युटरमधून. मग टिनाच्या शेडवर गारपीट व्हावी तसे ड्रम सुरू होतात. त्यात इलेक्ट्रिक गिटार म्हणजे उसाच्या चरकात मोळी अडकल्यासारखा आवाज. आणि या सगळ्याच्या वरून, जणू खाली काही चाललंच नाही अशा थाटात, एक बाई स्वर्गाच्या दिशेने निघते आणि परत येत नाही. ती बाई म्हणजे आमची नणंद. मधूनमधून गिटार वाजवणारा मुलगा घशातून गुरगुरतो. वाशीमचा आहे, मोबाइल दुरुस्त करतो, स्वभावाने इतका गरीब की चहासुद्धा दोनदा विचारल्याशिवाय घेत नाही. तो पहिल्यांदा आमच्या ओसरीवर गुरगुरला तेव्हा सासूबाई आतून अद्रक-तुळशीचा काढा घेऊन आल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "पे बाप्पा. घसा पार गेला तुहा. कायले बोलून राह्यला असा जोर लावून?" त्याने निमूट काढा घेतला. पुढे दर वेळी सरावाआधी तो काढा मागून घ्यायला लागला, आणि सासूबाईंचं असं ठाम मत झालं की पोराला जुनाट खोकला आहे आणि घरचे लक्ष देत नाहीत.

कपडे काळे. बाराही महिने काळे, आणि मे महिन्यात वाशीमला काळे कपडे घालणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. तिच्या शर्टावरची अक्षरं बाभळीच्या मुळ्यांसारखी एकमेकांत गुंतलेली असतात. सासूबाई तो शर्ट दोरीवर वाळत घालताना दर वेळी विचारतात, "हे लिवलं हाये का कुंपण हाये?" तरीही हा काळा शर्ट घालून ती वांगी तोडायला जाते तेव्हा झाडाची आधी परवानगी घेते. मी म्हटलं, झाडाने नाही म्हटलं तर? ती म्हणाली, "अजून कोणी नाई म्हतलं नाई." निंदायला बसली तर तणाला तण म्हणू देत नाही. तण हा माणसाने दिलेला अपमान आहे म्हणे. रांगेतल्या बाया तिचं बोलणं ऐकून घेतात, मान हलवतात आणि भराभर तण उपटतात.

आवाजाच्या सरावासाठी तिला घुमारा लागतो, आणि तसा घुमारा आमच्या विहिरीत आहे हे तिने शोधून काढलं. ती काठावर पालथी पडते, डोकं आत घालते आणि गाते. एकदा अशीच दुपारी गात असताना पलीकडच्या वावरातले एक वयस्कर कास्तकार दोर घेऊन धावत आले. त्यांच्यामागे त्यांचा मुलगा, सून आणि एक कुत्रं. त्यांना वाटलं, बाई विहिरीत पडली आहे. जवळ येऊन बघतात तर बाईचे पाय बाहेर आहेत आणि आवाज आतून येतो आहे. त्यांनी आधी पाय धरून ओढलं आणि मग विचारलं. ते दोर गुंडाळत म्हणाले, "पोरी, पुढच्या टायमाले गाऊन राह्यली का बुडून राह्यली, ते आधी सांगत जाजो."

हे सगळं मी सहन केलं. मग तिने ठरवलं की आपण एक गाणं काढायचं. एकच, पण खरं. रेकॉर्डिंगसाठी शांत जागा पाहिजे म्हणून तिने आमची कांदाचाळ निवडली. भिंतींना आवाज आपटू नये म्हणून घरातल्या गोधड्या नेल्या, त्यात माझ्या आईने लग्नात दिलेली नवी गोधडीही गेली, आणि परत आली तेव्हा तिला असा वास येत होता की नवरा महिनाभर तोंड दुसरीकडे करून झोपला. गाण्याचं नाव "परत या". जंगल, नदी, रानातली जनावरं यांना ती हाक मारते:

परत या, परत या,
काळ्या मातीच्या लेकरांनो,
तुमच्या खुरांनी पडली वाट
अजून तुमची वाट बघते.

गाणं इंटरनेटवर चढलं. फिनलंडच्या कुठल्याशा माणसाने टाळ्यांची चित्रं पाठवली. पुण्याच्या एका बँडने आवाज आवडल्याचं कळवलं. गाताना कांद्यांमुळे तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि लोकांनी लिहिलं की आवाजात किती वेदना आहे. दुसरी कोणी असती तर आनंदाने नाचली असती. ही मात्र फोन हातात धरून दाराकडे बघत बसायची. कारण तिला श्रोता एकच हवा होता, आणि तो ऐकत नव्हता.

तो श्रोता म्हणजे माझे सासरे. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. माणूस वाईट नाही. पोरीवर जीव आहे. आठवडी बाजारात ती मेथीची जुडी हातात धरून हाक मारते तेव्हा शेजारच्या दुकानांचं गिऱ्हाईक वळून आमच्याकडे येतं, आणि मामाजी पोत्यावर बसून अभिमानाने म्हणतात, "पोट्टीचा गळा हाये." पण हा गळा गाण्यासाठी असतो हे त्यांना पटत नव्हतं. ती फोन घेऊन त्यांच्याजवळ बसायची. व्हायोलिनं संपेपर्यंत ते मान डोलवायचे. ड्रम सुरू झाले की खाकरायचे. आणि तिचा पहिला उंच सूर आला की उठायचे. "मोटर बंद करून येतो." दर वेळी हेच. वीज असो नसो, ओलित असो नसो, मोटर बंद करायची राहिलेलीच असायची. एकदा तर मोटर दुरुस्तीला वाशीमला गेली होती तरी ते तिला बंद करायला गेले.

मी तिला म्हटलं, "कायले मागं लागून राह्यली त्यायच्या? फिनलंडवाल्यानं आयकलं ना." ती म्हणाली, "फिनलंडवाल्यानं मले खुरं नाई दाखवले, वहिनी." हे काय बोलणं झालं, मला समजलं नाही. मी विचारलंही नाही. पोरांच्या पेपरांतल्या गुणांची बेरीज माझी सातव्यांदा चुकत होती, त्या गठ्ठ्याकडे वळले.

आता रोह्यांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे नीलगायीला रोही म्हणतात. घोड्याएवढं जनावर, कळपाने येतं, आणि हरभरा घाट्यावर आला, दाणा भरायला लागला की दिवस मावळताना आत शिरून सकाळपर्यंत तुकडा साफ करतं. त्यासाठी आमच्या शिवारात प्रत्येकाच्या वावरात बांबूला भोंगा बांधलेला असतो. बॅटरीचा खोका, त्यात मेमरी कार्ड, आणि कार्डात कुत्र्यांचं भुंकणं, फटाके, माणसांच्या आरोळ्या. तो रात्रभर आपला आपण वाजतो. पण रोही काही मूर्ख नाहीत. एकच कुत्रं महिनाभर भुंकतं आणि चावायला कधीच येत नाही, हे त्यांच्या लक्षात येतं. गेल्या हिवाळ्यात आमचं कुत्रं असं निकामी झालं. मामाजींनी नणंदेला सांगितलं, वाशीमले चालली तं भोंग्याचं नवं कार्ड आणजो, काही दुसरा आवाज पाह्य.

त्याच दिवशी तिने काय केलं, तर एका नव्या कार्डात आपलं गाणं भरून आणलं. मामाजींकडे भजनं ऐकायचा छोटा स्पीकर आहे, त्यात घालून ते निवांत एकटे ऐकतील, असा तिचा बेत. भोंग्याचं कार्ड आणायचं ती साफ विसरली. घरी आली तेव्हा मामाजी फोनवर व्यापाऱ्याशी वांग्याच्या भावावरून हुज्जत घालत होते. तिने त्यांच्या हातावर कार्ड ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, यात हाये. पुरं आयकजा." मामाजींनी मान हलवली, कार्ड खिशात टाकलं, आणि संध्याकाळी जाऊन भोंग्यात बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओसरीवर भाकर खात होतो. मामाजी हरभऱ्यातून आले ते हसतच. इतके खूश मी त्यांना फक्त एकदा पाहिलं होतं, टोमॅटोला भाव आला तेव्हा. "एक रोही नाई शिवला धुऱ्याले. लांबून परतल्याचे पाय दिसून राह्यले. लय भारी आवाज आणला, पोरी." ती भाकर मोडत होती. मामाजींनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला आणि खऱ्या कुतूहलाने विचारलं, "पण कोणतं जनावर व्हय ते?"

माझ्या नवऱ्याने ताटात मान घातली. मला ठसका लागला. नणंदेने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"मी व्हय, बाबा."

मामाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, मग माझ्याकडे, जणू मी शिकलेली आहे तर मी काही तरी सांगीन. मग त्यांच्यातल्या कास्तकाराने तोंड उघडलं. "मंग तं घरचाच निंघाला. इकत नाई घ्या लागला." सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

"त्या गाण्यात मी त्यायले बोलावून राह्यली," ती म्हणाली. आवाज अगदी खाली होता, आणि हे मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. "परत या म्हणून. आन तुमी त्यानंच हाकलून राह्यले. काढा ते कार्ड."

"घाटे भरले हायेत, पोरी. आता कसं काढू?" मामाजी म्हणाले. मग समजूत घालावी म्हणून पुढे बोलले, आणि बोलायला नको होतं. "अन रोह्यायले मराठी समजते काय?"

ती उठून गेली. आणि त्यानंतर जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. ती गप्प झाली. टाकीवर चढेना, विहिरीत डोकं घालेना. वांगी तोडताना झाडांना विचारेना, नुसती तोडायची. पुण्याच्या बँडने दोनदा निरोप पाठवला, तिने उत्तर दिलं नाही. गिटारवाला मुलगा येऊन काढा पिऊन परत गेला. मी फळ्यावर अख्खी समीकरणं सलग लिहीत होते आणि पोरं शांतपणे वहीत उतरवत होती, इतकी शांतपणे की मलाच मधे थांबून वर टाकीकडे बघावंसं वाटे. याउलट बाहेर त्या गाण्याला ऊत आला होता. आमचा हरभरा वाचला हे कळल्यावर दोर घेऊन धावणारे कास्तकार आधी कार्ड मागायला आले. त्यांच्याकडून पुढे, तिथून अजून पुढे. दिवस मावळला की चारी बाजूंच्या भोंग्यांतून, एकामागे एक सुरू झालेली, माझी नणंद रानातल्या जनावरांना परत बोलवायची आणि रोह्यांचे कळप खाली मान घालून दुसऱ्या गावच्या शिवाराकडे निघून जायचे.

ओसरीवर बसून हे ऐकताना तिचा चेहरा बघवत नव्हता. मी चिडून एकदा म्हटलंही, "वाशीम तालुक्यात एवढं कोणाचंच गाणं वाजून नाई राह्यलं, आन तू रडून राह्यली." ती म्हणाली, "आयकून कोण राह्यलं, वहिनी?"

ऐकत एक जण होता. मामाजी रोज संध्याकाळी राखणीला धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, जाऊन बसत. भोंग्यात ड्रम सुरू झाले म्हणून राखण सोडून उठून जाता येत नाही. रोज, पुन्हा पुन्हा, सगळं. एके दिवशी मी त्यांचा चहा घेऊन गेले तर ते मला म्हणाले, "सूनबाई, ते खुराचं काय म्हणते ती?" मी ओळ सावकाश सांगितली. तुमच्या खुरांनी पडली वाट, अजून तुमची वाट बघते. ते चहाचा कप तसाच धरून बसले. मग म्हणाले, "हे तं मी सांगतलं व्हतं तिले. एवढीशी व्हती. खांद्यावर घेऊन यायचो. ओल्या मातीत रोह्याचे खुरं दाखवायचो, अन म्हणायचो, पाह्य, हे त्यायची वाट हाये, आपण मंग आलो." चहा थंड झाला. तो त्यांनी तसाच प्यायला.

घरी येऊन ते तिला काय बोलले, तर काही नाही. असल्या गोष्टी बोलून दाखवायची आमच्या घरात पद्धत नाही. जेवताना ते फक्त एवढंच म्हणाले, "पुण्यावाल्यायले उत्तर देल्लं का?" ती म्हणाली, नाई. "दे मंग. लोकायले ताटकळत ठेवू नाई." आणि हात धुवायला जाता जाता, पाठ आमच्याकडे असताना, ती ओळ त्यांनी हळूच म्हणून पाहिली. चाल पार चुकली होती. पण नणंदेच्या हातातली पळी वरणात तशीच राहिली.

होळी झाल्यावर ती पुण्याला गेली. दिवसा नोकरी करते, सुट्टीच्या दिवशी गाते. जाताना टाकीला, विहिरीला आणि एकेका वांग्याच्या झाडाला भेटली, आणि त्यापायी वाशीमची गाडी चुकली, माझ्या नवऱ्याला तिला मोटारसायकलवर घेऊन पुढच्या थांब्यापर्यंत पाठलाग करावा लागला.

आता पुन्हा हिवाळा आहे, पुन्हा हरभरा घाट्यावर आहे. सगळ्या शिवाराने भोंग्यातला आवाज बदलला. कोणाकडे वाघ, कोणाकडे बंदुका. आमच्याकडे अजून तीच. आणि व्हायचं तेच झालं. हीसुद्धा चावायला कधीच येत नाही हे रोह्यांना कळलं. परवा दिवस मावळताना मी मामाजींना बघायला गेले तर ते मोटरच्या खोलीशेजारी धुऱ्यावर बसलेले, भोंगा चालू, आणि हरभऱ्यात आठ-दहा रोही. एक मोठा काळसर नर बांबूच्या अगदी खाली उभा होता. वर उंच सूर लागला की तो कान हलवायचा आणि पुन्हा तोंड खाली घालायचा. मामाजींच्या हाताशी काठी होती. ती त्यांनी उचललेली नव्हती.

"मामाजी, खाऊन राह्यले ना ते," मी म्हटलं. "उद्या वाशीमहून दुसरा आवाज आणते."

"राहू दे."

माझं डोकं फिरलं. चार पोती हरभरा डोळ्यांदेखत चालला होता. मी तिथेच नणंदेला फोन लावला आणि म्हटलं, तूच सांग तुह्या बापाले. तिला मागून आपलंच गाणं ऐकू गेलं असणार, कारण तिने विचारलं, "अजून तेच लावून ठेवलं? अन रोही?" मी सांगितलं, आहेत, उभे आहेत, खाताहेत. मग फोन मामाजींच्या कानाला लावला. मामाजींनी बराच वेळ रोह्यांकडे पाहिलं.

"समजलं वाटते त्यायले मराठी," ते म्हणाले.

फोनमधून काहीच आवाज आला नाही. ज्या पोरीने गप्प बसावं म्हणून मी इतकी वर्षं घसा कोरडा केला, तिचं ते गप्प बसणं मला अजिबात आवडलं नाही. मग तिचा आवाज आला, बारीक, पण फोनचा स्पीकर चालू नसतानाही मला ऐकू आला.

"बाबा, थोडं मोठ्यानं लावा ना."

मामाजींनी फोन माझ्या हातात दिला. गुडघ्यावर हात टेकून उठले, भोंग्याचा खोका ठेवलेल्या मोटरच्या खोलीकडे निघाले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोटर बंद करून येतो."

वीज सकाळपासूनच नव्हती.